दुपारी आडवं व्हायचंय: मोबाईल की चादरीचा तंबू?

पोरगं हट्टी, एका जागी टिकत नाही, आणि सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ डिग्री, म्हणजे दुपारी बागेत सोडायचा प्रश्नच नाही. मोबाईल दिला की घर लगेच शांत, पण काढून घेताना जो आरडाओरडा होतो त्यात सगळी विश्रांती जाते, शिवाय डब्ल्यूएचओ २ ते ४ वर्षांच्या पोरांना दिवसाला १ तासाच्या वर स्क्रीन नको म्हणतं. तंबूला आधी मेहनत. दोन खुर्च्यांवर सोलापुरी चादर टाकायची (जाड असते, पंखा चालू ठेवा), आत डबे, चमचे, कणकेचा गोळा, आपण शेजारीच पेशंट बनून पडायचं, तो डॉक्टर! पसारा होतो, होऊ दे. आपल्याच अंगात ताप असेल तर मात्र सरळ मोबाईल, फक्त ऑटोप्ले बंद करून.