चपलांच्या ऑनलाइन दुकानात बिटकॉइन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अथणी-निपाणी पट्ट्यातल्या कोल्हापुरी चपला आणि शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्या विकणारं बेळगावातलं एक छोटं ऑनलाइन दुकान. त्यात बिटकॉइनने पैसे भरायची सोय काही महिने चालू आहे. दुकान वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर, त्याला जोडलेला बीटीसीपे सर्व्हर, म्हणजे मध्यस्थाशिवाय बिटकॉइन घेणारं सॉफ्टवेअर, आणि बाकी नेहमीचं: यूपीआय, कार्ड, कॅश ऑन डिलिव्हरी. हा अभिप्राय त्या सोयीबद्दल आहे. बिटकॉइनचा भाव वर जाणार की खाली, याच्याशी त्याचा संबंध नाही.

मत आधीच सांगतो. यंत्रणा चालते आणि चांगली चालते, पण सीमाभागातल्या बहुतेक दुकानांना तिची गरज नाही. देशातल्या गिऱ्हाइकाला यूपीआय फुकट आहे आणि 1 जानेवारी 2020 पासून दुकानदारालाही त्यावर एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, नाही. खरा उपयोग परदेशातल्या गिऱ्हाइकाला झाला असता, आणि नेमके तिथेच निर्यातीचे नियम आडवे येतात. उरतात ती पुण्या-बेंगळुरूची, आधीच बिटकॉइन बाळगून असलेली थोडी मंडळी. त्यांच्यासाठी ही सोय ठेवायची असेल तर पुढचा तपशील कामाला येईल.

सर्व्हरसाठी 2 जीबी रॅम आणि 80 जीबी डिस्क असलेलं भाड्याचं मशीन पुरतं, पण साखळीचा (ब्लॉकचेन, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची नोंदवही) जुना भाग छाटून टाकण्याचा पर्याय बसवतानाच निवडावा लागतो. पूर्ण साखळी 600 जीबीच्या वर गेली आहे. सबडोमेनची डीएनएस नोंद आधी करा, नाहीतर एसएसएल प्रमाणपत्र मिळत नाही आणि सगळं तिथेच अडतं. पहिल्यांदा साखळी जुळायला काही दिवस जातात, तेव्हा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका.

सर्व्हरला फक्त एक्सपब द्यायचा, म्हणजे हार्डवेअर वॉलेटमधली (किल्ल्या इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं यंत्र) सार्वजनिक किल्ली. तिच्यातून प्रत्येक ऑर्डरला नवा पत्ता निघतो, पण त्या किल्लीने पैसे खर्च करता येत नाहीत. सर्व्हरवरच वॉलेट तयार करायचा सोपा पर्यायही समोर येतो. तो घेऊ नका. एक्सपबची पद्धत घेतली तरी एक धोका उरतोच. कोणी आत शिरून एक्सपबच बदलला, तर जुने पैसे शाबूत राहतील पण पुढच्या ऑर्डरींचे त्याच्याकडे जातील. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व्हरने काढलेला पत्ता हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर पडताळून बघावा.

सगळ्यात घाबरवणारी अडचण प्रत्यक्षात निरुपद्रवी आहे. ऑर्डर अर्धवट सोडली तरी तिला दिलेला पत्ता वापरल्यात जमा होतो. बरीच वॉलेट सलग 20 रिकामे पत्ते लागले की पुढे शोधायचं थांबतात. सणाच्या दिवसांत गिऱ्हाइकं बिटकॉइनचं बिल उघडून पैसे न भरताच सोडून देतात, वीसच्या वर पत्ते रिकामे जातात, आणि मग आलेले पैसे सर्व्हरवर दिसतात पण वॉलेटमध्ये दिसत नाहीत. पैसे गेलेले नसतात. वॉलेटच्या सेटिंगमध्ये गॅप लिमिट 200 केली की दिसू लागतात.

आता पैसे भरण्याचं पान, जिथे नवख्या माणसाची खरी दमछाक होते. पहिली अडचण क्यूआरची. क्यूआर दिसला की हात यूपीआय ॲपकडेच जातो, आणि यूपीआय ॲप बिटकॉइनचा क्यूआर अवैध म्हणून नाकारतं, कारण त्याला आत ‘यूपीआय’ने सुरू होणारी ओळ हवी असते. गिऱ्हाइकाला वाटतं दुकानच खोटं आहे. क्यूआरच्या वर मराठी आणि कन्नड दोन्हींत ठळक ओळ टाका: हा यूपीआयचा क्यूआर नाही. चिकोडी-अथणीकडे इंग्रजी सूचना वाचून कोणी थांबत नाही.

दुसरी अडचण कमी पैसे येण्याची. एक्स्चेंजमधून (क्रिप्टो खरेदी-विक्रीचं ऑनलाइन ठिकाण) थेट पाठवणाऱ्याच्या रकमेतून काही एक्स्चेंज आपलं शुल्क कापून घेतात. 2,000 रुपयांच्या ऑर्डरला त्यापेक्षा कमी पोचतात, सर्व्हर ऑर्डर अर्धवट भरलेली धरतो, आणि उरलेले पाठवायला गिऱ्हाइकाला पुन्हा तेवढंच शुल्क पडतं. बीटीसीपेमध्ये किती टक्के कमी आले तरी चालतील ते ठरवता येतं. 2 टक्के ठेवले की किरकोळ फरक मिटतात. त्याहून मोठी तूट दुकानाने सोसू नये. एक्स्चेंजचं शुल्क रकमेत मिळवून पाठवा, असं आधीच लिहून ठेवावं.

तिसरी अडचण वेळेची. बिल मुळात 15 मिनिटं टिकतं, कारण तेवढ्यापुरता भाव धरून ठेवलेला असतो. एक्स्चेंज मोठी किंवा पहिली रक्कम तपासणीसाठी अडवून ठेवतात. तास गेला की पैसे येतात आणि बिल ‘उशिरा भरलं’ म्हणून पडून राहतं. मुदत 30 मिनिटं केली तर बरंच सावरतं. त्याहून वाढवली तर भावातल्या चढउताराचा बोजा दुकानावर येतो. उशिरा आलेली ऑर्डर आपोआप पुढे सरकत नाही, ती हाताने मंजूर करावी लागते. रोज संध्याकाळी ती यादी बघणारं माणूस हवं.

ब्लॉक, म्हणजे साखळीला जोडला जाणारा व्यवहारांचा नवा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी येतो. व्यवहार त्यात आला की एक पुष्टी, पुढच्या प्रत्येक ब्लॉकला आणखी एक. चप्पल पॅक व्हायला तसाही दिवस जातो, तेव्हा एका पुष्टीवर ऑर्डर पक्की धरणं पुरेसं आहे. शून्य पुष्टीवर मात्र माल काढू नका. न रुजलेला व्यवहार जास्त शुल्क देऊन पाठवणाऱ्याला बदलता येतो. साडीची मोठी ऑर्डर असेल तर सहा पुष्ट्या, म्हणजे तासभर, थांबा. लाइटनिंगने, म्हणजे बिटकॉइनवरच उभ्या असलेल्या झटपट जाळ्याने, पैसे क्षणात येतात, पण त्यासाठी घेण्याच्या बाजूची शिल्लक असलेला चॅनेल उघडून सांभाळावा लागतो. छोट्या दुकानाने त्यात पडू नये.

शुल्काचा एक भाग दुकानाच्या डोक्यावरही बसतो आणि तो उशिरा कळतो. प्रत्येक ऑर्डरचे पैसे वेगळा तुकडा म्हणून राहतात. ते एकत्र करून एक्स्चेंजला पाठवताना ‘बीसी1क्यू’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरचा एक तुकडा सुमारे 68 व्हीबाइट जागा घेतो, आणि शुल्क या जागेच्या मापावर लागतं. वीस तुकड्यांचे झाले 1,360. दर व्हीबाइटला 10 सातोशी (बिटकॉइनचा सगळ्यात लहान भाग) असेल तर 13,600 सातोशी, 50 असेल तर 68,000. गर्दी किती चढू शकते ते 20 एप्रिल 2024 ला, हाविंगच्या, म्हणजे नव्या ब्लॉकमागचं बक्षीस निम्मं होण्याच्या दिवशी, दिसलं. सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या वर गेलं होतं. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने डिसेंबर 2017 मध्ये बिटकॉइन घेणं बंद केलं तेही वाढतं शुल्क आणि भावाची अस्थिरता ही कारणं देऊनच. तुकडे गोळा करायचं काम शांत दिवशी, दर बघून करावं.

परताव्याला सगळ्यात जास्त जागा देतो, कारण चपलांच्या धंद्यात साइजची अदलाबदल रोजची आहे. कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) सातची मागवतात, नवा पट्टा घट्ट असतो, अंगठा बसत नाही, आठची हवी असते. यूपीआयने घेतलेले पैसे त्याच खात्यात परत जातात. बिटकॉइन ज्या पत्त्यावरून आलं तिथे परत पाठवायचं नसतं, कारण तो पत्ता बहुधा एक्स्चेंजचा सामाईक असतो आणि तिथे गेलेली रक्कम गिऱ्हाइकाच्या नावावर लागेल याची खात्री नाही. बीटीसीपेमध्ये परताव्याची लिंक तयार होते, गिऱ्हाईक तिच्यात आपला पत्ता भरतं. तिथे विचारलं जातं की परतावा बिलाच्या वेळच्या भावाने की आजच्या. उत्तर आधी ठरलेलं आणि पानावर लिहिलेलं हवं. आमचं मत: रुपयांतली किंमत धरून आजच्या भावाने द्यावा. नाहीतर भाव वाढला की ‘तेवढंच बिटकॉइन द्या’ आणि पडला की ‘रुपये द्या’, हा वाद ठरलेला. साइजची अदलाबदल असेल तर पैशाला हात न लावता जोडच बदलून द्यावा.

आणि बिटकॉइन घेऊन यूपीआयने रुपये परत करायचे नाहीत, कोणत्याही सबबीवर. भामट्यांना नेमकं हेच हवं असतं: मोठी ऑर्डर द्यायची, दुसऱ्या दिवशी रद्द करायची, आणि रुपये मागायचे. दुकान नकळत चोरीच्या क्रिप्टोचे रुपये करून देणारं ठिकाण बनतं.

आलेलं बिटकॉइन रुपयांत करताना हीच काळजी उलट्या बाजूने घ्यावी लागते. पी2पी पद्धतीने, म्हणजे अनोळखी माणसाला विकून त्याच्याकडून खात्यात रुपये घेऊन, विकू नका. ते रुपये फसवणूक झालेल्या कोणाचे तरी असू शकतात. त्या माणसाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा जिथे जिथे गेला ती खाती गोठतात. निपाणीच्या दुकानदाराचं चालू खातं मग कुठल्या तरी तिसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावर अडतं आणि कारागिरांची मजुरी थांबते. एफआययूकडे (संशयास्पद पैशांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंदलेल्या एक्स्चेंजच्या खुल्या बाजारात विकायचं आणि पैसे धंद्याच्याच खात्यात घ्यायचे.

कराचा हिशेब उदाहरणाने सांगतो. 2,500 रुपयांपर्यंतच्या चपलेवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे. 2,000 रुपयांच्या जोडात जीएसटी 95.24 रुपये, तो रुपयांतच भरायचा, बिटकॉइन विकलं असो वा नसो. बाकीचे 1,904.76 ही धंद्याची विक्री. बिटकॉइनची खरेदी किंमत म्हणून त्या दिवशीचे 2,000 रुपये नोंदवायचे. पुढे ते 2,060 ला विकलं तर 60 रुपये नफा, त्यावर 30 टक्के म्हणजे 18 रुपये, वर 4 टक्के उपकर. एक्स्चेंज 1 टक्का टीडीएस म्हणून 20.60 कापतं, तो रिटर्नमध्ये वळता होतो. 1,900 ला विकलं तर 100 रुपये तोटा, आणि तो कशातूनही वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणून दुकानाने बिटकॉइन साठवू नये. फार लहान तुकडे शुल्कात जातात, फार थांबलं तर भाव हलतो. महिन्यातून एकदा विकणं हा त्यातला मध्य.

आणखी एक गोष्ट बऱ्याच सीएंच्याही नजरेतून सुटते: इथे माल देऊन क्रिप्टो विकत घेणारं दुकानच आहे. एका निवासी गिऱ्हाइकाकडून वर्षात 10,000 रुपयांच्या वर क्रिप्टो घेतलं तर 1 टक्का टीडीएसची जबाबदारी दुकानावर येते. वैयक्तिक मालकीचं, आदल्या वर्षी 1 कोटीपर्यंत विक्री असलेलं दुकान असेल तर मर्यादा 50,000. बीटीसीपेमध्ये रकमेनुसार पर्याय लपवता येतो. 10,000 च्या वरच्या बिलाला बिटकॉइन दाखवायचंच नाही, आणि एकाच गिऱ्हाइकाच्या वर्षभराच्या बेरजेवर नजर ठेवायची. वूकॉमर्समध्ये परदेशी पत्त्यालाही हा पर्याय बंद ठेवा. निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फत यावे लागतात आणि शिपिंग बिलाशी किंवा पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्टशी जुळावे लागतात. वॉलेटमध्ये आलेल्या बिटकॉइनची तिथे नोंद होत नाही, आणि जीएसटीचा परतावा घेतला असेल तर तो परत मागितला जाऊ शकतो.

लोकांच्या अविश्वासाबद्दल. त्याला अज्ञान म्हणून हिणवणं चूक आहे, तो अनुभवातून आलेला आहे. गेनबिटकॉइन या फसव्या योजनेने महिन्याला 10 टक्के, 18 महिने, असं सांगून पुण्यापासून सगळीकडे पैसे गोळा केले आणि 2018 मध्ये अटका झाल्या. कर्नाटकात 2020 च्या बिटकॉइन हॅकिंग प्रकरणावरून राजकारण पेटलं. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून 23 कोटी डॉलरच्या आसपासची चोरी झाली आणि सामान्य खातेदारांचे पैसे वर्षभराहून जास्त अडकले. ज्या भागात सोसायट्या आणि भिश्या बुडालेल्या घराघरांत ठाऊक आहेत, तिथे ‘कॉइन’ म्हटल्यावर माणूस मागे सरकणारच. 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचं बंदीचं परिपत्रक रद्द केलं, 2022 पासून कर लागला, तरी हे कायदेशीर चलन नाही, ही भूमिका सरकारने 2018 च्या अर्थसंकल्पातच मांडलेली आहे. दुकानदाराने ते झाकू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा की बिटकॉइनचं चिन्ह पहिल्या पानावर लावू नका. ते दिसलं की नवं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर दुकान खरं आहे का विचारतं, किंवा न विचारताच निघून जातं. शेवटच्या पानावर, यूपीआय, कार्ड आणि कॅश ऑन डिलिव्हरीच्या खाली ठेवलं की ज्याला हवं त्याला सापडतं. तिथे दोन ओळी हव्यात: बिटकॉइन खर्च केल्यावर तुमच्या नफ्यावरही 30 टक्के कर लागतो, आणि हे दुकान कोणतीही गुंतवणूक योजना विकत नाही.

कोणी बसवणार असेल तर शेवटची खबरदारी सीडच्या, म्हणजे वॉलेट परत उभं करता येईल अशा, 24 शब्दांची. ते कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर लिहा. फोटो काढू नका, स्वतःलाही व्हॉट्सॲप करू नका. एक प्रत दुकानाबाहेर, दुसऱ्या घरात ठेवा, आणि वॉलेट पुसून त्या शब्दांवरून ते परत उभं करून बघितल्याशिवाय पहिली ऑर्डर घेऊ नका.