एम-४१६ ट्रेलरला टिपिंगची जोड : कामाचा अनुभव

अमेरिकी लष्कराच्या जीपमागे चालणारा, पाव टन वहनक्षमतेचा एम-४१६ ट्रेलर मी जुन्या लष्करी सामानाच्या विक्रीतून घेतला आणि ओहायोतील आमच्या घराजवळच्या एका वर्कशॉपमधून त्याला टिपिंगची, म्हणजे हौदा पुढून उचलून माल मागे ओतण्याची, सोय करून घेतली. या ट्रेलरचा हौदा चारही बाजूंनी बंद असून तळाला निचऱ्याची बुचे असतात. मागे फाळकाच नसल्यामुळे नुसता हौदा उचलून भागत नाही, तर मागची भिंत कापावी लागते. हे काम कारागिरांनी सुरेख केले. कापलेल्या कडेला आतून लोखंडी अँगल देऊन वेल्डिंग इतके घासले आहे की जोड बोटालाही लागत नाही.

हौदा उचलणाऱ्या हायड्रॉलिक जॅकबाबत मात्र घाई झाली. तो जवळजवळ आडवा बसवल्यामुळे सुरुवातीच्या उचलीलाच बारा व्होल्टचा पंप कण्हत असे. कारण त्या कोनात जॅकचा बहुतेक जोर वर न जाता मागे ढकलण्यात खर्ची पडतो. खालचा ब्रॅकेट हलवल्यावर हा दोष गेला. उचललेल्या हौद्याखाली लावायचा टेकूही मला मागून घ्यावा लागला, जो खरे तर न सांगता द्यायला हवा होता.