फॉग मशीन, म्हणे १५०० वॉटचं: एका लगीनसराईनंतरचा अनुभव

आधी निकाल. लग्नाच्या स्टेजवर धूर सोडणारं हे मशीन चालू आहे. सर्व्हिस सेंटरने ‘बदलावाच लागेल’ म्हणून सांगितलेला हीटर जुनाच आहे आणि खर्च आला चाळीस रुपये. त्यांचं कोटेशन नव्या मशीनच्या निम्म्या किमतीच्या जवळ जात होतं.

मॉडेल कुठलं ते सांगत नाही, कारण पाच-सहा हजारांत मिळणारी ही मशीनं आतून सख्खी भावंडं आहेत. काळा पत्र्याचा डबा, पुढे पितळी नोझल, मागे टाकी, बाजूला रंगीत एलईडी, वायरलेस रिमोट. बदलतो तो फक्त स्टिकर.

तक्रार अशी होती: मशीन तापून तयार झाल्याचा हिरवा दिवा लागलेला, रिमोट दाबला की पंपाची गुरगुर ऐकू येते, पण धूर नाही. सर्व्हिसवाल्याने पंपाला मल्टिमीटर लावला, ‘ओपन’ (म्हणजे आतली तार तुटलेली) दाखवतोय म्हणाला, कॉइल गेली. मग नोझलमध्ये डोकावून हीटर ब्लॉकही (धुराच्या द्रवाची, म्हणजे फ्लुइडची, वाफ करणारा तापता ठोकळा) चोक झाल्याचं जाहीर केलं. आता, गुरगुरणाऱ्या पंपाची कॉइल ओपन कशी असेल? या पंपांत आतच डायोड बसवलेला असतो. तो ५० हर्ट्झच्या करंटची अर्धी लाट अडवतो. उरलेल्या अर्ध्या लाटेवर कॉइल पिस्टनला ओढते आणि स्प्रिंग त्याला परत ढकलते, असे सेकंदाला ५० ठोके. ओहमच्या रेंजवर हा डायोड मीटरला फसवतो आणि धडधाकट पंपही मेलेला दिसतो. कॉफी मशीनच्या पंपाचंही असंच असतं. फॉग मशीन दुरुस्त करणाऱ्याला एवढं माहीत नसेल, तर पुढचं कोटेशन वाचायचीही गरज नाही.

दोष नक्की कुठे आहे ते घरी पाच मिनिटांत कळतं. प्लग काढून ब्लॉक पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी. झाकण उघडून पंपाकडून ब्लॉककडे जाणारी नळी पंपापाशी सोडवा, तिथे दुसरी नळी लावून तिचं टोक बाटलीत धरा. मग प्लग लावून मशीन तापू द्या आणि रिमोट दाबा. आत २३० व्होल्ट उघडे असतात, त्यामुळे डब्यात हात घालायचा नाही. बाटलीत जोरात चिळकांडी आली तर पंप ठणठणीत आहे, अडलंय ते ब्लॉक किंवा नोझलमध्ये. चिळकांडी आली नाही तर गडबड पंपात किंवा त्याच्या मागे, म्हणजे टाकीकडून येणाऱ्या नळीत. आणि गुरगुरच नसेल तर रिमोटचा रिसीव्हर, रिले, थर्मोस्टॅट (तापमान बघून वीज जोडणारा-तोडणारा स्विच), थर्मल फ्यूज, पंपाची कॉइल, अशा क्रमाने बघा.

या मशीनमध्ये चिळकांडी नव्हती. दोषी निघाला टाकीत बुडणाऱ्या नळीच्या टोकाचा फिल्टर. वाटाण्याएवढा नमद्याचा तुकडा! तो फ्लुइडमध्ये फुगून विरला होता आणि त्याचे तंतू पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसले होते. हा व्हॉल्व्ह म्हणजे छोट्या स्प्रिंगवर टेकलेलं एक बारीक बूच. त्याखाली एक तंतू आला तरी ते नीट बसत नाही, पिस्टन तेच फ्लुइड पुढे-मागे ढकलत राहतो, आणि आपण ऐकत बसतो गुरगुर.

या फिल्टरवर जरा जास्तच लिहिणार आहे, कारण राग त्याच्यावरच आहे. रिमोटवर, एलईडीवर, चकचकीत खोक्यावर कंपन्या खर्च करतात आणि पंपाच्या तोंडाशी दोन रुपयांचा नमदा लावतात. पंप हा या मशीनमधला एकमेव हलणारा भाग आहे. त्यातून जाणारं फ्लुइडच त्याला गार ठेवतं आणि वंगण देतं. फिल्टर अर्धवट तुंबला की पंप उपाशी चालतो, तापतो, आणि मग कॉइल खरोखर जळते. म्हणजे सर्व्हिसवाल्याचं निदान सहा महिन्यांनी खरं ठरलं असतं, श्रेयही त्यालाच गेलं असतं.

उपाय: कुठल्याही टू-व्हीलर स्पेअर पार्टच्या दुकानात पेट्रोलच्या नळीत बसणारा पारदर्शक फिल्टर मिळतो. चाळीस रुपये ते हेच. नमदा काढून टाका, नळीच्या टोकाला वजन ठेवा (नाहीतर ती टाकीत तरंगते) आणि टाकी व पंप यांच्यामध्ये हा फिल्टर बसवा. बाणाची दिशा पंपाकडे हवी. मात्र एक अडचण येते. फिल्टरमध्ये हवा भरलेली असते आणि हे पंप हवा ओढायला अगदी कच्चे असतात. म्हणून नळी जोडण्याआधी सुईशिवायच्या सिरिंजने फिल्टर आणि नळी फ्लुइडने भरून घ्या, नाहीतर नवीन फिल्टर लावूनही तीच गुरगुर ऐकावी लागेल. व्हॉल्व्हमधले तंतू काढायला पंप सोडवून कोमट डिस्टिल्ड पाणी सिरिंजने दोन्ही बाजूंनी दाबून घालवलं की पुरतं.

ब्लॉकमध्ये अडलं असेल तर गोष्ट वेगळी. ब्लॉक म्हणजे ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. त्यात हीटिंग एलिमेंट आणि वेटोळं घातलेली धातूची नळी असते. ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण त्या नळीत शिरताच वाफ होऊन फुगतं आणि नोझलमधून सुसाट बाहेर पडतं. बाहेरच्या गार हवेत त्याचे सूक्ष्म थेंब होतात. आपण ज्याला धूर म्हणतो ते हे थेंब, यात जळत काहीच नाही. काही जळत असेल तर ती तुमच्या फ्लुइडची चूक आहे. बोअरच्या पाण्यातला क्षार किंवा जास्त ग्लिसरीनचा कोळसा या नळीत आतून चढतो. त्यासाठी ८० टक्के डिस्टिल्ड पाणी आणि २० टक्के पांढरं व्हिनेगर टाकीत घालायचं, मशीन तापवून मोकळ्या हवेत थोडं थोडं सोडत राहायचं, मग नुसतं डिस्टिल्ड पाणी, मग नेहमीचं फ्लुइड. व्हिनेगर रात्रभर आत ठेवू नका. साधारण ४० तासांच्या वापरानंतर हे एकदा करावं. नोझल गार असताना पान्याने काढून भोकातून बारीक तार फिरवली तरी निम्मं काम होतं.

फ्लुइडबद्दल. डेकोरेटरकडचं बिनलेबलचं कॅन स्वस्त पडतं, पण त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. घरी करायचं तर तीन भाग बॅटरीत घालायचं डीएम पाणी आणि एक भाग ग्लिसरीन. एक तृतीयांशाच्या वर ग्लिसरीन नको. ते २९० अंशांना उकळतं आणि त्या आसपास विघटन होऊन अ‍ॅक्रोलीन हा विषारी पदार्थ तयार होतो. जळक्या तेलासारखा, डोळ्यांना झोंबणारा वास आला की मशीन बंद करा. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, त्यामुळे त्याचा धूर स्वच्छ येतो, पण लवकर विरतो. दोन्ही आयपी ग्रेडचंच, म्हणजे औषधी दर्जाचंच घ्या. औद्योगिक मालात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं असू शकतं, आणि २०२२ मध्ये गॅम्बियात कफ सिरपमधून त्याने मुलांचे जीव कसे घेतले ते सगळ्यांनी वाचलंय. गाडीचं कूलंट तर चुकूनही नाही, ते विषारी एथिलीन ग्लायकॉल असतं. ‘छान वास’ यावा म्हणून अत्तर घालणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

आता वॉटचं प्रकरण. १५०० वॉटला २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर लागायला हवेत. एक्स्टेन्शनची एकच तार वेगळी काढून क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) लावला तर तापताना चार दिसले, म्हणजे ९२० वॉट. क्लॅम्प मीटर नसेल तर प्लग काढून, वायर सुटी करून एलिमेंटचा रोध मोजा: १५०० वॉटच्या एलिमेंटला सुमारे ३५ ओहम, ९०० वॉटच्या एलिमेंटला ५९. दुकानातच मोजता आलं तर उत्तम, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

या वॉटवर हिरवा दिवा अवलंबून आहे, आणि सुरुवातीला या रिव्ह्यूत सगळ्यात जास्त शिव्या त्याच दिव्याला पडणार होत्या. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, रिमोट दाबावा तर दिवा गेलेला. अर्ध्या मिनिटाचा धूर आणि मग मिनिटभर वाट. पण गणित केल्यावर मत बदललं. एक ग्रॅम फ्लुइडची वाफ करायला साधारण २२०० जूल लागतात. खऱ्या १५०० वॉटमध्ये मिनिटाला जेमतेम ४० ग्रॅम, ९२० वॉटमध्ये २५. पंप त्याहून बरंच जास्त फेकतो. ही तूट ठोकळ्यात साठलेल्या उष्णतेतून भरून निघते आणि ती संपली की थर्मोस्टॅट पंप तोडतो. हे तोडणं बरोबरच आहे. ज्या मशीनमध्ये ही सोय नाही ती गार ब्लॉकमधून गरम फ्लुइड थुंकतात, स्टेज तेलकट होतं आणि नवरी घसरते. त्यामुळे आता तक्रार दिव्याबद्दल नाही, स्टिकरबद्दल आहे. पाच सेकंद सोडा, दहा थांबा, असं चालवलं तर दिवा क्वचितच जातो. नोझलखाली रबरी मॅट मात्र हवीच, कारण बटण सोडल्यावरही ब्लॉकमधलं उरलेलं ठिबकत राहतं.

नाशिकला गंगापूर रोडच्या लॉन्सवर आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे लांबलचक एक्स्टेन्शन. टोकाला २०० व्होल्ट मिळत असतील तर उष्णता २४ टक्क्यांनी घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २.५ स्क्वेअर एमएमची केबल वापरा आणि मशीन वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. उघड्यावर एका मशीनकडून ‘ढगातली एन्ट्री’ होत नाही. ती जमिनीलगतची पांढरी चादर उणे ७८.५ अंशांच्या ड्राय आइसची (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडची) असते, आणि बंद खोलीत तो कार्बन डायऑक्साइड खाली साचून जीव घेऊ शकतो. या मशीनचा धूर गरम असल्याने वर जातो. बर्फाच्या लाद्या भरलेल्या थर्माकोलच्या पेटीतून चार इंची पीव्हीसी पाइपने सोडला तर थोडा वेळ जमिनीला धरून राहतो. कालिदास कलामंदिरासारख्या बंद सभागृहात नाटकासाठी ही युक्ती पुरते. फक्त स्मोक डिटेक्टरबद्दल व्यवस्थापकांना आधी सांगा. ऑप्टिकल डिटेक्टरला ग्लायकॉलचे थेंब आणि आगीचा धूर यांतला फरक कळत नाही.

लग्नाबाहेर याचा खरा उपयोग अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आहे. आगीच्या मॉक ड्रिलमध्ये जिना धुराने भरता येतो, आणि वेल्डिंगचा एक्झॉस्ट हूड खरंच ओढतोय का हे हूडपासून फूटभरावर थोडा धूर सोडला की लगेच दिसतं. औषध कंपन्यांच्या क्लीनरूममध्ये मात्र हे मशीन नेऊ नका, ग्लायकॉलचा थर मागे राहतो. तिथे शुद्ध पाण्याचं धुकं करणारी वेगळी यंत्रं असतात.

दोन प्रश्न हमखास विचारले जातात. महापालिकेसारखी डासांची फवारणी यातून होईल का? नाही. ती पेट्रोलवर चालणारी थर्मल फॉगर असतात, त्यात कीटकनाशक डिझेलमध्ये मिसळतात. या तापलेल्या ब्लॉकमध्ये डिझेल घालणं म्हणजे आग लावणं.

दुसरा प्रश्न निफाडकडून, थंडीत: द्राक्षबाग गारठू नये म्हणून हे लावलं तर? बागेतून रात्री आकाशाकडे जाणारी उष्णता अडवायला थेंब मोठे लागतात, दहा-वीस मायक्रॉनचे. म्हणून त्या कामाला उच्च दाबाची पाण्याची धुकं यंत्रं वापरतात, आणि त्यांचंही धुकं वाऱ्याने शेजाऱ्याच्या बागेत जातं. आपल्या मशीनचे थेंब फार बारीक, आणि ९२० वॉटमध्ये एकरभर बाग झाकायचा विचारच सोडा. शेकोटीतही उपयोग असतो तो तिच्या उष्णतेचा, धुराचा नाही.