एका हाताने मिटणारी बाबागाडी : नऊ महिन्यांचे शनिवार

शनिवारी सकाळी साडेनऊला दार ओढून घेतलं की आमच्या हातात साडेतीन तास असतात. एक वाजता लेक पेंगायला लागते, त्याआधी आठवड्याचं सगळं सामान घरात यायला हवं. परदेशात येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. इथे आम्ही तिघंच. आई किंवा सासूबाई जवळ असत्या, तर लेकीला त्यांच्यापाशी ठेवून आम्ही दोघं तासाभरात परत आलो असतो. इथे जाऊ तिथे तिला घेऊनच जायचं, त्यामुळे आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे ही बाबागाडी. घेतली तेव्हा लेक सव्वा वर्षाची होती, आता दोन वर्षांची झालीय. एवढ्या वापरानंतर तिच्याबद्दल ठामपणे लिहिता येईल असं वाटतं.

पहिली बाबागाडी आम्ही इथे आल्या आल्या घेतली होती. मोठी चाकं, जाड गादी, दिसायला फार सुरेख. वजन साडेबारा किलो. मिटायला दोन हात आणि एक पाय लागायचा, आणि मुळात आधी सीट काढून बाजूला ठेवावी लागायची. नवरा सोबत असेपर्यंत ते जाणवलं नाही. एका शनिवारी त्याला काम निघालं आणि मी एकटी लेकीला घेऊन गेले. परतताना पाऊस. बस आली ती गच्च भरलेली, गाडी मिटल्याशिवाय आत घेईनात. एका खांद्याला पिशवी, कडेवर लेक, आणि ती सीट काही केल्या निघेना. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी हात पुढे केले आणि मी माझं पोर एका अनोळखी माणसाच्या हातात दिलं. त्या फार भल्या होत्या, पण लेकीने जो टाहो फोडला तो अजून कानात आहे. त्या रात्रीच मी ठरवलं, पुढची गाडी घ्यायची ती एका हाताने मिटणारीच.

ही तशी आहे. दांड्याच्या मधोमध एक बटण आहे. अंगठ्याने ते बाजूला सरकवायचं, खालची पट्टी बोटांनी दाबायची आणि दांडा पुढे ढकलायचा. गाडी तीन घड्यांत खाली बसते आणि मिटल्यावर भिंतीला न टेकवता स्वतःच्या आधाराने उभी राहते. हे दुकानात रिकाम्या हातांनी करून बघण्यात काही अर्थ नाही. मी लेकीला कडेवर घेऊन, खांद्याला भरलेली पर्स अडकवून चार वेळा करून बघितलं. विक्रेत्याला घाई होती, पण मला त्याहून जास्त गरज होती. घरी आणून वजनकाट्यावर तोलली, ६.८ किलो भरली. जिना चढताना हा फरक दंडाला कळतो.

या मिटणाऱ्या गाड्यांची गोष्ट वाचली तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. ओवेन मॅक्लारेन नावाचे एक ब्रिटिश विमान अभियंते होते. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. त्यांची मुलगी मॉस्कोत राहायची आणि बाळाला घेऊन इंग्लंडला यायची तेव्हा जडशीळ बाबागाडीने तिचे हाल व्हायचे. ते ऐकून या आजोबांनी १९६५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. वजन तीन किलोच्याही आत. म्हणजे ही वस्तू जन्मालाच आली ती परक्या देशात लेकरू घेऊन राहणाऱ्या एका मुलीसाठी. आमची गाडी त्या कंपनीची नाही आणि तिची घडीही वेगळी आहे, पण मिटताना मला त्या बापलेकीची आठवण येते.

चालवायला ही हलकी आहे. गुळगुळीत फरशीवर, दुकानातल्या अरुंद रांगांमधून एका हाताने वळते. विटांच्या फुटपाथवर मात्र पुढची छोटी चाकं थडथडतात आणि लेकीची मान हलते, तिथे मी वेग कमी करते. नवरा सहा फुटी आहे. दांडा वरखाली होत नाही, त्यामुळे त्याला वाकून ढकलावी लागते आणि लांब पावलं टाकली की पाय मागच्या दांडीला लागतो. तुमच्या घरात कुणी उंच असेल तर त्यांना आधी चालवून बघायला लावा.

खालची टोपली हा हिचा सगळ्यात कमकुवत भाग. तिच्यात डायपरचं एक पाकीट आणि दुधाच्या दोन बाटल्या मावतात, आणि संपलं. शिवाय लेक झोपली म्हणून पाठ आडवी केली की टोपलीचं तोंडच झाकलं जातं. आत हात घालायचा तर झोपलेल्या पोराची पाठ उचलावी लागते. त्यामुळे पाण्याची बाटली, ओले रुमाल आणि खाऊचा डबा आता मी टोपलीत ठेवतच नाही, माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवते.

टोपली लहान म्हणून आम्ही सामानाच्या पिशव्या दांड्याला अडकवायला लागलो, आणि ती मोठी चूक होती. एका दुकानाच्या दारात लेकीला उतरवायला मी पट्टे सोडले आणि तिला उचलताक्षणी गाडी मागच्या मागे उलटली. मधाची बरणी फुटली, काचा सगळीकडे. लेक हातात होती म्हणून निभावलं. तीच जर क्षणभर आधी उभी राहायला गेली असती तर? पुढचं वजन निघालं की मागच्या पिशव्या गाडीला खाली ओढणारच. गाडीसोबतच्या कागदावर दांड्याला काही लटकवू नका असं स्पष्ट छापलेलं होतं, मी ते वाचलं नव्हतं. तेव्हापासून जड सामान नवऱ्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये आणि दांड्याला काहीही नाही. कृपा करून हे गंभीरपणे घ्या.

पट्टे पाच बिंदूंचे आहेत, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांच्या मधून. बकल घट्ट आहे. लेकीला ते अजून उघडता येत नाही, मला मात्र अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं. चौथ्या महिन्यात त्याचा एक दात तुटला. दुकानात सांगितलं की नवीन गाडीच घ्यावी लागेल. मी कंपनीला फोटो पाठवून लिहिलं, तर दहा दिवसांत नवीन बकल पोस्टाने घरी आलं, पैसे न घेता. दुकानाच्या शब्दावर थांबू नका, बनवणाऱ्यांना विचारा.

लेकीला मात्र अलीकडे गाडीत बसायचंच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात आहे की या वयाच्या मुलांना बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत सलग एका तासाहून जास्त बांधून ठेवू नये. आमची लेक चाळीस मिनिटांतच कंबर उचलून ताठ होते. मग तिला उतरवायचं. उतरली की तिला स्वतः गाडी ढकलायची असते. हात वर करून दांड्याखालची आडवी नळी धरते आणि समोरचं काही न दिसता निघते. एक जण पुढच्या बाजूने गाडीला दिशा देतो, दुसरा यादी बघतो. वीस मिनिटांच्या खरेदीला पन्नास मिनिटं लागतात. पण त्या वेळात ती सगळ्यात आनंदात असते, म्हणून तेवढा वेळ आम्ही धरूनच निघतो.

ऊन असेल तर हिचं छत अपुरं पडतं. तिरपं ऊन थेट डोळ्यांवर येतं. वरून दुपटं टाकायचा मोह होतो, पण ते करू नका. आत हवा खेळत नाही आणि पोर तापतं. आम्ही चिमट्याने अडकवायची छोटी छत्री वेगळी घेतली.

अजून एक बारीक गोष्ट. सातव्या महिन्यात उजवं पुढचं चाक करकरायला लागलं, वळताना अडायला लागलं. मी चाक बिघडलं म्हणून वैतागले होते. गाडी उलटी करून पाहिलं तर आसाभोवती माझेच लांब केस घट्ट गुंडाळलेले, त्यात मफलरचा लाल धागा आणि धूळ. छोट्या कात्रीने कापून चिमट्याने ओढून काढले, बोटभर गुंडा निघाला. चाक पुन्हा पहिल्यासारखं फिरायला लागलं. आता महिन्यातून एकदा, लेक दुपारी झोपली की, मी हे करते.

आमच्याच इमारतीत नुकतंच एक जोडपं दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन राहायला आलंय. त्यांनी विचारलं, घेऊ का? मी सांगितलं, घरी आजी-आजोबा असतील आणि गाडी फक्त बागेपर्यंत न्यायची असेल तर मोठ्या चाकांची, आरामशीर गाडी घ्या. पण बस, जिने, लिफ्ट आणि एकटीने बाहेर पडणं रोजचं असेल तर हीच घ्या. किती किलोपर्यंतच्या मुलाला चालते तेही बघून घ्या, काही गाड्या १५ किलोपर्यंत असतात, काही २२ पर्यंत. आमची २२ ची आहे, म्हणून अजून दोन वर्षं तरी चिंता नाही. येत्या शनिवारी ते आमच्यासोबत येणार आहेत. गाडी मी त्यांच्याच हातात देणार, बाळ कडेवर असतानाच मिटून बघायला.