मामा तलावावरून देवबागच्या खाडीत: तीन खेपांनंतरचा अनुभव

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीहून नागपूर शंभर किलोमीटर, तिथून मडगावची गाडी, दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरायचं आणि मग मालवणच्या पुढे देवबाग. मासे धरायला एवढ्या लांब कशाला, असं गावात सगळ्यांनी विचारलं. प्रश्न बरोबरच आहे. आमच्या भागात मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, पावलोपावली, मरळ आणि रोहू घराजवळ मिळतात. तरी धान विकून झाल्यावर डिसेंबरात गेलो, मग फेब्रुवारीत, मग मे महिन्यात. आई, बायको, दोन मुलं आणि मित्राचं कुटुंब. गाईड घेऊन खाडीत गरी टाकायला जायचं कोणाच्या मनात असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितो.

पहिली खेप फसली. समुद्राचं आम्हाला काहीच कळत नव्हतं. फोनवर जो आधी भेटला त्याच्याशी ठरवून टाकलं. त्याने दुपारी बाराला बोलावलं. एका होडीत आमच्यासकट अकरा माणसं, दोर एकमेकांत गुंतायचे, आणि लाईफ जॅकेट सगळी मोठ्या माणसांच्या मापाची. आठ वर्षांच्या लेकीला घातलं तर ते तिच्या कानापर्यंत वर सरकायचं. मी पूर्ण वेळ तिचा दंड धरून बसलो. तीन तासांत बोटाएवढे दोन मासे. पाणी ओसरत होतं, ऊन डोक्यावर होतं. ही वेळ चुकीची आहे हे त्याला माहीत होतं, त्याने सांगितलं नाही. पैशाचं सोडा. लेकीच्या जॅकेटचा राग अजून गेलेला नाही.

आई त्या दिवशी किनाऱ्यावरच थांबली होती. आम्ही परतलो तेव्हा तिने विचारलं, "एवढं पानी गेलं कोठी? कोनं तुडूम खोललं का?" आमच्या तलावाचं पाणी पाळीतल्या तुडूमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, जातं, आणि ते कोणी उघडलं हे गावाला माहीत असतं. इथे पाणी आपोआप जातं आणि सहा तासांनी परत भरतं. या एका फरकावर इथली सगळी मासेमारी चालते, आणि तोच आम्हाला ठाऊक नव्हता.

संध्याकाळी मुक्कामाच्या घराशेजारी एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, जाळं दुरुस्त करत होते. आमची हकीकत ऐकून त्यांनी तिथी विचारली. मग हिशेब शिकवला: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. हा ढोबळ हिशेब मुंबईकडचा. मालवणकडे भरती त्याहून थोडी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ इतकी की दोराला बांधलेलं शिसाचं वजन तळाला टिकत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, तेव्हा पाणी मंद. म्हणून त्यांनी आम्हाला द्वादशी सांगितली: बारा पाऊण नऊ, म्हणजे उजाडताना पाणी भरत असतं आणि वारा पडलेला असतो. आई एकादशी करते, त्यामुळे तिलाही द्वादशी सोयीची पडली. आयुष्यभर कालदर्शिकेत तिथी बघितली ती उपासासाठी आणि लग्नासाठी. त्यात समुद्राची वेळही लिहिलेली असते हे चाळिशीत कळलं.

फेब्रुवारीत त्यांच्याच होडीने गेलो. साडेपाचला अजून अंधार होता. होडीत पाय ठेवण्याआधी त्यांनी लेकीला लहान मापाचं जॅकेट घातलं, पट्टे आवळले, आणि दोन्ही खांद्यांवर जॅकेटला धरून तिला चक्क वर उचललं. जॅकेट सरकलं नाही, तेव्हाच होडीत घेतलं. सहाच माणसं, त्यापेक्षा जास्त नाही. कर्ली नदीच्या उथळ पाण्यात त्यांनी आधी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकला आणि कोळंबी, लहान बोय असा ताजा चारा धरला. मग तिवरांच्या कडेने आत नेऊन होडी उभी केली.

इथे माझी तलावाची सवय आडवी आली. मरळीला बेडूक लावला की ती घेऊन जाते, आपण दोर सोडतो, गिळू देतो, मग ओढतो. खाडीतल्या तांबोशी माशाचं उलट आहे. ती तिवरांच्या मुळांच्या जाळीत दबा धरून असते. चारा उचलला की त्याच क्षणी परत मुळांत घुसते. पहिली लागली तेव्हा मी सवयीने दोर सोडला. तांडेल काका ओरडले, "खेचा! थांबतास कित्याक?" तोवर दोर मुळाला घासून तुटला होता. दुसऱ्या वेळी टोकाला झटका बसताच दोन्ही हातांनी काठी मागे घेतली. हाताला जी ओढ लागली ती शब्दांत नीट सांगता येत नाही, कोपरापर्यंत शिरा ताणल्या. दीडेक किलोची तांबोशी वर आली, तांब्याच्या घागरीसारखी. लेकीने तिच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि हात वासासकट दिवसभर तसाच ठेवला.

त्याच सकाळी मित्राला शिंगाळा, हा काटेवाला मासा, लागला. गरी सोडवताना त्याचा काटा तळहातात गेला आणि मित्र पांढरा पडला. या काट्याला विष असतं आणि ते उष्णतेने निकामी होतं. काकांनी चहाच्या थर्मासात मुद्दाम कोरं गरम पाणी ठेवलेलं होतं. सोसवेल इतकं करून त्यांनी त्याचा हात टमरेलात बुडवून धरायला लावला. अर्ध्या तासात कळ उतरली. लगेच होडी वळवून दवाखान्यातही नेलं.

मे महिन्यात पहिल्याच दिवशी त्यांनी नकार दिला. "आज नको. वारो बरो नाय." आम्हाला वारा दिसतही नव्हता. दीड दिवसाचा प्रवास करून आलेला मित्र चिडला, मीही नाराज झालो. दुपारी बघितलं तर देवबागच्या मुखाशी, जिथे कर्ली समुद्राला मिळते, लाटा फुटून पांढरं झालं होतं. त्या दिवसाचा त्यांनी एक रुपया घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आतल्या शांत पाण्यात नेलं आणि मुलांनी बारीक गरीवर बारा-तेरा मुडदुशे, हे लहान मासे, धरले. वीतभरापेक्षा लहान ते काकांनी मुलांच्याच हातून परत सोडायला लावले. मी पैसे देतो ते याच माणसाच्या नजरेसाठी, होडीसाठी नाही. चार तासांचे साडेतीन हजार, पूर्ण होडीचे.

अडचणीही आहेत. होडीत चार तास बायकांची सोय नाही. आई म्हणूनच दोन तासांनी उतरते, आणि हे आधी बोलून ठेवावं लागतं. मित्राच्या बायकोला मुखाजवळ ओकाऱ्या झाल्या, आत खाडीत काही झालं नाही. खर्चात सगळ्यात मोठा वाटा प्रवासाचा. आणि रीळ घरी आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, तेलाचा थेंब सोडा. पहिल्या खेपेनंतर मी ते केलं नाही. महिन्याने आमच्या तलावावर हँडल फिरेना, उघडलं तर आत मिठाचा पांढरा थर आणि गंज. अठराशे रुपयांचं रीळ होतं.

जून-जुलैत जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, आणि पावसात त्या मुखाशी कोणी शहाणा माणूस जात नाही. तसेही तेव्हा आम्ही रोवणीच्या चिखलात असतो. पुढची खेप धान निघाल्यावर, पौषातल्या द्वादशीला. काकांना आताच कळवून ठेवलं आहे. बहीणही तिच्या मुलांना घेऊन येणार आहे, म्हणून लहान मापाची जॅकेट चार लागतील.