मेंढी चिकटवायची की चालवायची?

तीन ते सहा वर्षांच्या पोरांसाठी ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा वर्ग काढायचा, पण पुस्तक नको, हाताने काहीतरी करू द्यायचं, इथवर तुमचं ठरलं असेल तर पुढे दोन वाटा फुटतात. एक हस्तकलेची: गोष्ट सांगा, मग कागद, कापूस, डिंक. दुसरी अ‍ॅट्रियमची: मुलांच्या मापाच्या वस्तूंची खोली, त्यात लाकडी मेंढ्या, बुटकी वेदी, छोटा कॅलिस (द्राक्षारसाचा पवित्र प्याला), आणि मुलाने ते स्वतः हाताळायचं. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) मी दोन वर्षं पहिल्या वाटेने गेलो, आता तिसऱ्या वर्षी दुसरीवर आहे. तेव्हा माझा काटा थोडा झुकलेला आहे, हे आधीच सांगतो.

हस्तकलेला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. खर्च जवळजवळ नाही, शिकवणारा बदलला तरी अडत नाही, आणि मूल हातात काहीतरी घेऊन घरी जातं म्हणून आईबापही खूश. नाताळच्या गोठ्याचे तारे-कंदील तर त्याशिवाय होणारच नाहीत.

मला नडला तो डिंक. बावीस पोरं, दोन बाटल्या. आपल्याकडच्या उन्हात बाटलीचं तोंड दर आठवड्याला सुकून बंद. मग टाचणीने टोचा, दाबा, एकदम भसकन बाहेर. येशू स्वतःला मेंढपाळ म्हणवतो ती उत्तम मेंढपाळाची गोष्ट पाच मिनिटांत संपायची आणि पुढची चाळीस मिनिटं मी बाटल्या फिरवत, बोटं पुसत असायचो. कापूस मेंढीला कमी आणि बाह्यांना जास्त. जी पोरं मागे पडायची त्यांच्या मेंढ्या त्यांच्या आयाच दारात उभ्या राहून पुऱ्या करायच्या. एका रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, झाडताना बाकाखाली तीन मेंढ्या सापडल्या. त्यातली एक माझ्याच लेकीची. तिला विचारलं, मेंढपाळ काय करतो गं? म्हणाली, "कापूस लावतो." चूक तिची नव्हती. तासभर मी तेच तर करत होतो.

दुसरी पद्धत १९५४ साली रोममध्ये सोफिया कावालेत्ती या बायबलच्या अभ्यासक आणि जान्ना गोब्बी या माँटेसरी शिक्षिका, या दोघींनी सुरू केली. ‘हे बाहेरचं खूळ’ असं आमच्याकडेही कुणीकुणी म्हणालं. पण माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा महागड्या साहित्याच्या मागे न लागता गावात मिळेल त्यातूनच साहित्य घडवलं. आम्हीही तेच केलं. गावातल्या सुताराने पातळ फळीतून मेंढपाळ आणि दहा मेंढ्या कापून दिल्या. कुंपणाला लाकडी पट्ट्या न वापरता सुतळीचं जाळं विणलं, कारण इथल्या पोरांनी मेंढवाडा पाहिलाय तो ठेलारी मेंढपाळांच्या वाघरीचा (जाळ्याच्या कुंपणाचा), कापूस निघून गेलेल्या रिकाम्या शेतात.

वर्ग कसा चालतो? बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या थोड्या ओळी सावकाश वाचायच्या. मेंढपाळ पुढे सरकवायचा, मागून एकेक मेंढी. मग शिकवणाऱ्याने गप्प बसायचं. गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही. त्यानंतर ज्याला हवं तो तेच स्वतः करतो, पुन्हा पुन्हा. एक पोरगा बराच वेळ बघून म्हणाला, "याना घोडा कोठे शे?" (याचा घोडा कुठंय?) ठेलाऱ्याकडे सामानाला घोडं असतंच. पुढच्या रविवारी त्याने घरून प्लास्टिकचं घोडं आणून जाळ्याबाहेर उभं केलं. आम्ही काही बोललो नाही.

आमच्यासारख्या रेल्वेच्या वस्तीला याचा आणखी एक फायदा. पोरं घरी मराठी, अहिराणी, कोकणी, तमिळ, मल्याळम असं काहीही बोलतात. हस्तकलेत सूचना द्याव्या लागतात, इथे शब्द मुळात कमी.

पण माझं मत खरं पक्कं झालं ते वेदीमुळे. बुटक्या वेदीवर मुलं स्वतः वेदीवस्त्र पसरतात, क्रूस आणि मेणबत्त्या मांडतात, कॅलिसमध्ये द्राक्षारस ओततात आणि त्यात पाण्याचे अगदी थोडे थेंब. महिन्याभराने मोठ्या मिस्सेत फादरांनी तेच केलं तेव्हा लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पप्पा, आता पाणी. थोडंच." त्याआधी अर्पणाच्या वेळी ती बाकाखाली चपला मोजायची. एका पोरीवरून नियम काढू नये, हे मान्य. पण मला तेवढं पुरलं.

अडचणी आहेत. शिकवणाऱ्याचं पहिल्या टप्प्याचं प्रशिक्षणच साधारण ९० तासांचं, आणि आपल्या भागात ते सहज मिळत नाही. स्वतंत्र खोली हवी, निदान कुलपाचं कपाट तरी. खमिराच्या दाखल्याला (पीठ फुगवणाऱ्या यीस्टची येशूची बोधकथा) दोन वाट्यांत पीठ भिजवतात, एकात खमीर, एकात नाही. एप्रिलमध्ये आमचं खमिराचं पीठ वर्ग संपायच्या आत वाटीतून उतू गेलं आणि सतरंजीवर आलं. एकटाच शिकवणारा, तीस पोरं आणि चर्चचा व्हरांडा एवढीच सोय असेल, तर हस्तकलाच बरी असं मीही म्हणेन. फक्त डिंकाऐवजी मातीचा गोळा द्या, मेंढी त्याचीही होते.

दोन माणसं आणि एक खोली मिळत असेल तर मात्र मेंढ्यांपासून सुरू करा. वेदी पावसाळ्यानंतर केली तरी चालेल, ओलं लाकूड वाकतं. आणि सुताराला मेंढ्या दहा सांगू नका, अकरा सांगा. एक हरवतेच.