बुद्धिबळाच्या पटाचे पैसे मागणारा फ्रीलान्सर

माझ्या वेबसाइटच्या एका पानावर २४ कार्डं, म्हणजे मजकुराच्या चौकटी आहेत. बटण दाबलं की ती पांढऱ्याची काळी व्हावीत, एवढंच काम होतं. त्यासाठी लागणारी कोडची भाषा, जावास्क्रिप्ट, मला येत नव्हती, म्हणून ऑनलाइन ओळख झालेल्या एका फ्रीलान्सरला दिलं. निम्मे पैसे आधी, निम्मे काम बघून.

चार दिवसांनी त्याने स्क्रीन शेअर केली. पान माझंच, वर पत्ताही माझाच. त्याने खालच्या उघड्या पट्टीत काहीतरी चिकटवलं, एंटर मारला आणि सगळी कार्डं काळी झाली. "बटण शेवटी जोडतो, आधी रंग पास करा," म्हणाला. मी लगेच उरलेले पैसे पाठवले. (हो, शहाणपणा तिथेच संपला होता.)

रात्री फोनवर पान उघडलं तर सगळं पांढरंशुभ्र!

ती पट्टी म्हणजे ब्राउझरचा कन्सोल, उघडलेल्या पानावर तिथल्या तिथे कोड चालवून बघायची जागा. तिथे चालवलेला लूप (एकच काम प्रत्येक कार्डावर ओळीने करणारा कोड) त्या टॅबमध्ये उघडलेल्या पानापुरताच असतो, सर्व्हरवरच्या फाइलला तो शिवतही नाही. रिफ्रेश केलं की खेळ खलास. अशाच युक्तीने कोणीही आपल्या स्क्रीनवर बँकेतली शिल्लक वाटेल तेवढी फुगवून दाखवू शकतो.

पिच्छा पुरवल्यावर त्याने एकदाची फाइल चढवली. बटण दाबलं. पहिलं कार्ड काळं, दुसरं पांढरं, तिसरं काळं, चौथं पांढरं... थेट बुद्धिबळाचा पट. यावर साहेबांचं उत्तर: "ब्राउझरची मर्यादा आहे. प्रत्येक ब्राउझरचा कोड वेगळा लिहावा लागेल, त्याचे पैसे वेगळे."

तीन ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं, तिन्हीकडे तोच पट. मग मीच कोड वाचायला बसलो. त्याने 'गेट एलिमेंट्स बाय क्लास नेम' वापरून 'फिकट' क्लासची (क्लास म्हणजे कार्डाला लावलेली नावाची चिठ्ठी, तिच्यावरून रंग ठरतो) कार्डं गोळा केली होती आणि लूपमध्ये प्रत्येकाचा तोच क्लास काढत होता. गोम अशी की गोळा केलेल्या कार्डांची ही यादी जिवंत असते. पहिल्या कार्डाचा क्लास गेला की ते यादीतून गळतं, दुसरं सरकून त्याच्या जागी येतं, आणि लूप मात्र पुढच्या क्रमांकावर उडी मारतो. म्हणजे दुसरं सुटलं. असं करत २४ पैकी १२ तशीच राहतात. 'क्वेरी सिलेक्टर ऑल'ची यादी एकदा बनली की बदलत नाही; ते वापरलं किंवा लूप शेवटाकडून उलटा चालवला की काम झालं. एका ओळीचा बदल, आणि त्याचे हा ब्राउझरगणिक पैसे मागत होता!

शेवटी मी लूपच काढून टाकला. बटण आता फक्त बॉडीवर, म्हणजे अख्ख्या पानावर, एक क्लास चढवतं; रंगाचं काय ते सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) बघतं. नंतर जोडलेली कार्डंही आपोआप काळी होतात.

त्याच्याकडे गेलेल्या पैशांवर पाणी सोडलं. आता कोणी स्क्रीन शेअर करून काम दाखवू लागला की मी म्हणतो, "लिंक द्या, माझ्या फोनवर उघडतो, बटणही मीच दाबतो." परवा हे ऐकताच एकाचं नेट गेलं. अजून आलेलं नाही.